कोलबेनची सहा पुस्तकं

आल्दिसच्या दुकानातून गेलेलं पुस्तक परत येत नाही, असं आमच्या काल्देयरी गावात लोक चाळीस वर्षं म्हणत आले. म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे अर्थातच आल्दिस स्वतः.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सहाला चर्चची घंटा वाजते, धुरावलेल्या मटणाची जेवणं होतात आणि मग घरोघर पुस्तकांवरचे कागद फाटायला लागतात. प्रत्येकाला निदान एक तरी पुस्तक यायलाच हवं, नाहीतर तो नाताळ कसला? त्यासाठी देशभरातली दुकानं पुस्तकाच्या मागे एक चिकटचिठ्ठी लावून देतात. तेच पुस्तक दोघांकडून आलं किंवा आवडलं नाही, तर चिठ्ठीसकट परत न्यायचं आणि दुसरं आणायचं. नाताळ सरला की राजधानीत या चिठ्ठीवाल्यांच्या रांगा लागतात. आल्दिसकडे चिठ्ठीच नव्हती. कुणी मागितली तर ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "का? मी चुकणार असं वाटतं का तुला?" पुढे बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

तिचं दुकान म्हणजे बंदरावरच्या जुन्या मिठाच्या कोठारातली एक मोठी खोली. डाव्या हाताला लोकर, उजव्या हाताला पुस्तकं आणि मधे कॉफी. गिऱ्हाईक आलं की "कसलं पुस्तक हवं?" असं ती कधीच विचारत नसे. या प्रश्नाला माणसं हमखास खोटं बोलतात, असं तिचं ठाम मत होतं. आमच्या पाद्रीणबाईच बघा, त्या "काहीतरी वैचारिक" मागायच्या आणि घरी जाऊन दार लावून खुनाच्या कादंबऱ्या वाचायच्या. म्हणून आल्दिसचा प्रश्न ठरलेला असे: "गेल्या रविवारी दुपारी काय केलंस?" दुसऱ्यासाठी पुस्तक न्यायचं असलं, तर त्याची रविवारची दुपार सांगायची.

नऊ वर्षांच्या सुनेवाला तिची आई दरवर्षी घोड्यांच्या गोष्टी घ्यायची, कारण मुलींना घोडे आवडतात असं आईनं ऐकलं होतं. आल्दिसनं विचारलं, तेव्हा कळलं की सुनेवानं रविवारी आजीचा मिक्सर खोलून त्याचे सगळे स्क्रू खिडकीत ओळीनं मांडले होते. तिला पुलांचं पुस्तक गेलं. पूल कसे बांधतात आणि का पडतात याचं. ती पोर ते उशाशी घेऊन झोपायला लागली. मासळीच्या कारखान्यात पोलंडहून आलेली दोरोता पहिल्या वर्षी आमच्या भाषेत "हो" आणि "थंडी" एवढंच बोलायची. आल्दिसनं तिला आधी लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक दिलं, मग पाककृतींचं आणि तिसऱ्या वर्षी पाचशे पानांची भुताची कादंबरी. दोरोता आता आमच्याच भाषेत आम्हाला शिव्या घालते, तेही अचूक.

आणखी एक गोष्ट आल्दिसला लाभली होती, ती म्हणजे तिचं डोकं. कोणी कुणासाठी काय नेलं, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. कागदावर एक अक्षर नाही. लिहिलं की कुणीतरी वाचणार आणि मग भेटीची गंमत संपली. तेच पुस्तक एकाला दोनदा जाऊ नये, एवढ्यासाठी ती नोव्हेंबर ते नाताळ सगळं गाव डोक्यात घेऊन फिरायची. चाळीस वर्षांत एकदाही घोटाळा झाला नव्हता.

मागच्या डिसेंबरात झाला. आल्दिसला त्याचा पत्ता नव्हता, पण आपल्याला आधी कळायला हरकत नाही.

कोलबेन हा आमच्याकडचा जुना खलाशी. पन्नास वर्षं समुद्रावर काढली आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी घरी बसला. बोलणं मोजकं, वाचन त्याहून मोजकं. भरती-ओहोटीचं पंचांग आणि बुडालेल्या जहाजांच्या हकिकती सोडून त्यानं कशाला हात लावला नव्हता. रचलेल्या गोष्टी म्हणजे थापा, आणि थापा ऐकायला बंदर आहेच, असं तो म्हणायचा. त्याची बायको योरा मात्र पुस्तकांवर जगायची. आल्दिसची ती शाळेपासूनची मैत्रीण. दर डिसेंबरात ती नवऱ्यासाठी पुस्तक न्यायला यायची आणि दरवर्षी तेच बोलायची. "एक वर्ष त्याला कादंबरी देणार आहे बघ मी. एखाद्या बाईची. निदान एका बाईचं बोलणं तरी शेवटपर्यंत ऐकेल." दोघी खिदळायच्या, कॉफी व्हायची आणि मग योरा मुकाट्यानं बुडालेल्या जहाजांचा नवा खंड घेऊन जायची. असं तीस वर्षं चाललं.

सप्टेंबरात योरा गेली. दुखणं आठ दिवसांचं. कोलबेन त्यानंतर खिडकीत बसला तो बसलाच.

आता गाव म्हटलं की माणसं हळहळतात, आणि आमची माणसं हळहळली की पुस्तक घेतात. या वर्षी कोलबेनला पुस्तक द्यायला घरात कुणी नाही, हे एकेकाच्या मनात आलं. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्या एकट्याच्याच लक्षात आलंय. आधी ऑर्गन वाजवणारी इंगुन आली. मग बंदरावरचा केटिल. मग पाद्रीणबाई, दोरोता, शेजारची म्हणून सुनेवाची आई, आणि राजधानीतून कोलबेनच्या भाचीचा फोन. आल्दिसनं सहाही वेळा विचारलं, रविवारी दुपारी तो काय करतो? सहाही वेळा एकच उत्तर आलं. बसलेला असतो. खिडकीत. बंदराकडे बघत.

आणि सहाही वेळा आल्दिसनं थोडा विचार केला, फळीपाशी गेली आणि त्याच वर्षीची एक कादंबरी काढली. एका उजाड बेटावर एक बाई बदकांची पिसं गोळा करते. तिचा नवरा समुद्रावरून परतलेला नाही. ती दिवसभर बदकांशी बोलते, बस्स, एवढीच गोष्ट. दहा प्रती आल्या होत्या. सहा कोलबेनच्या नावानं बांधल्या गेल्या, आणि दर वेळी कागदाची घडी घालताना आल्दिसला मनापासून वाटलं, हे अगदी बरोबर पुस्तक आहे.

घोटाळा उघडा पडला तो नाताळनंतरच्या रविवारी, पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात. गावातली कुठलीही गोष्ट आधी तिथे कळते आणि मग घडते, असं आम्ही म्हणतो. सूर्य डोंगराआड गेलेला, तो महिन्याभरानं दिसणार. वर बर्फ भुरभुरतोय आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली माणसं, त्यांत आल्दिसही, कुणाला काय मिळालं ते सांगतायत. इंगुन म्हणाली, कोलबेन घरी येऊन गेला, आभार मानायला. बदकांच्या पुस्तकाबद्दल.

"बदकांचं?" केटिल म्हणाला. "ते तर मी दिलं."

दोरोतानं हळूच पाण्यातून हात वर केला. मग पाद्रीणबाईंनी. आणि कुंडात असं हसू फुटलं की पाणी काठाबाहेर गेलं. केटिल आल्दिसकडे वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी आम्ही सगळे मिळून एकच घेतो गं. तेवढाच कागद वाचेल तुझा." आल्दिसही हसली. चाळीस वर्षांचा तोरा एका दुपारी उतरतोय म्हटल्यावर न हसून सांगते कुणाला? पण मनातून ती घाबरली होती. ती सगळ्यांच्या आधी उठली आणि ओल्या केसांनी घरी गेली.

तिची भीती कळायला तिच्या आईची गोष्ट माहीत हवी. आल्दिसची आई हातमोजे विणण्यात पटाईत होती. एकोणसत्तराव्या वर्षी, एका हिवाळ्यात, तिनं डाव्या हाताचे पाच हातमोजे विणले. उजवा एकही नाही. दर वेळी हा पहिलाच, असं समजून ती नव्यानं टाके घालायची. आधी घरच्यांनी चेष्टा केली. दोन वर्षांत ती आल्दिसला "तू कुणाची गं?" असं विचारायला लागली. ते पाच मोजे आल्दिसच्या कपाटात अजून आहेत. आल्दिस आता अडुसष्ट वर्षांची होती.

त्या दुपारी स्वयंपाकघरात बसून तिनं स्वतःची परीक्षा घेतली. वरच्या आळीपासून सुरुवात केली आणि घराघरानं मोठ्यानं म्हणत गेली. कुणी, कुणाला, काय. शाळेच्या मास्तरला ताऱ्यांचं. त्याच्या बायकोला कविता, लाल कव्हरवाल्या. दवाखान्यातल्या नर्सच्या जुळ्यांना एक चोराचं आणि एक पोलिसाचं, म्हणजे भांडण नको. बंदरापर्यंत आली, एकही चुकलं नाही. पण कोलबेनच्या दारापाशी ती अडली. पाच जण दुकानात उभे असलेले तिला दिसत होते, त्यांच्या टोप्यांसकट, आणि भाचीचा फोनही आठवत होता. तरी सहाही वेळा ते पुस्तक पहिल्यांदाच देतोय, असंच वाटलं होतं. अगदी पहिल्या टाक्यासारखं.

तिनं मनाशी फार पूर्वीच ठरवलं होतं. ज्या दिवशी आपल्या चुकीनं पुस्तक परत येईल, त्या दिवशी दुकान थांबवायचं, लोकांनी सांगायची वाट बघायची नाही. कोलबेनची पुस्तकं आता परत येणारच. तिनं एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: नव्या वर्षापासून दुकान बंद. आल्दिस. मग तिला रडू आलं, आणि रडून झाल्यावर तिनं नाताळातली उरलेली, नक्षी कापून तळलेली जाळीची पोळी लोणी लावून खाल्ली, कारण भूकही लागली होती.

सोमवारी दहाला तिनं दुकान उघडलं. पुठ्ठा काउंटरवर ठेवला, संध्याकाळी जाताना दाराला लावायचा म्हणून. साडेदहाला कोलबेन आला. बूट झटकले, टोपी काढली आणि एक पिशवी काउंटरवर ठेवली. आत काय आहे ते बघायची गरजच नव्हती.

आल्दिस स्वतःहून बोलली. चूक माझी आहे, म्हणाली. सहाही परत घेते, तुझ्या जहाजांचे दोन नवे खंड आलेत ते ने, वर काही द्यायला नको. ती भराभर बोलत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

कोलबेननं तिला बोलू दिलं. कॉफी स्वतःच ओतून घेतली. मग त्याच्या हिशेबानं त्यानं भलंमोठं भाषण केलं. नाताळच्या संध्याकाळी तो एकटाच जेवला. जेवण म्हणजे डबा उघडून. मग पहिला कागद फाडला, बदकं निघाली. दुसरा फाडला, बदकं. तिसऱ्याला त्याला हसू आलं. चौथ्याला तो इतका हसला की खुर्चीचा हात धरावा लागला. सप्टेंबरपासून घरात कुणी हसलंच नव्हतं, त्या आवाजानं तो स्वतःच दचकला. दुसऱ्या दिवसापासून आभार मानायला घरोघर जाणं आलं. पाच घरं, पाच स्वयंपाकघरं, पाच तऱ्हेचे केक, आणि भाचीशी तासभर फोन.

"कुणाला सांगितलं नाही मी," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर एकाच घरी केक मिळाला असता."

आल्दिसला हसू आलं नाही. तिनं त्याला आईच्या हातमोज्यांबद्दल सांगितलं. गावात हे कुणाशी कधी बोलली नव्हती. पाच डावे मोजे, बदकांची सहा पुस्तकं. मला भीती वाटते कोलबेन, असं ती सरळ म्हणाली.

कोलबेननं मान डोलावली. आणि मग तिच्यासारखाच त्यानंही एक प्रश्न टाकला. तो जहाजांचा माणूस, कुठे फुटलं ते आधी बघणारा. ते पुस्तक निवडताना प्रत्येक वेळी मनात काय होतं, असं त्यानं विचारलं.

आल्दिसला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "योरा होती," ती म्हणाली. "दरवर्षी ती काय म्हणायची, ते तुला ठाऊक नाही. तुला एकदा कादंबरी द्यायची होती तिला. एखाद्या बाईची. म्हणायची, निदान एका बाईचं बोलणं तरी शेवटपर्यंत ऐकेल. तीस वर्षं म्हणत होती. दर वेळी कच खायची आणि जहाजं न्यायची. यंदा कुणीही दारात येऊन तुझं नाव घेतलं, की मला तीच ऐकू यायची."

बाहेर बर्फ काढणारा ट्रॅक्टर एकदा गेला आणि परत आला. कोलबेनचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यानं काही खटपट केली नाही.

"मग तू विसरली नाहीस, आल्दिस," तो म्हणाला. "एकच गोष्ट सहा वेळा आठवलीस. तुझ्या आईला डावेच मोजे विण असं कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"तर मग. फेब्रुवारीत डॉक्टर गावात येईल तेव्हा दाखवून घे, मी येतो बरोबर. पण हे कशाला?" त्यानं पुठ्ठा उचलला, हात लांब करून वाचला आणि कडेची एक पट्टी सरळ फाडली. बंद हा शब्द पट्टीवर आला. "पुस्तकात खूण ठेवायला काही नव्हतं माझ्याकडे. मी मधेच झोपतो."

पट्टी त्यानं कोटाच्या खिशात घातली. मग पिशवीतून पाच पुस्तकं काढून काउंटरवर एकावर एक रचली आणि सहावं काखेत धरलं. हे मी ठेवतो, म्हणाला. या पाचांच्या बदल्यात पाच दुसरी दे. तुझ्याकडे चिठ्ठी नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण मी ती मागतच नाहीये.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा आल्दिसच्या दुकानात पुस्तकं परत आली होती, तीही एकदम पाच. ती त्यांच्याकडे बघत राहिली. काही कोसळलं वगैरे नाही. लोकर जिथल्या तिथे होती. तिनं पाचही प्रती उचलून फळीवर ठेवल्या, पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा शेगडीत टाकला आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

"कसली देऊ?" असं तिच्या तोंडून निघता निघता राहिलं. तिनं आपला नेहमीचाच प्रश्न विचारला. या माणसाला तो तिनं आजवर कधी विचारलाच नव्हता. त्याचं उत्तर नेहमी दुसऱ्याच कुणीतरी दिलं होतं.

"गेल्या रविवारी दुपारी काय केलंस, कोलबेन?"

"म्हणजे कालच," तो म्हणाला. "वाचत होतो. दुसऱ्यांदा. खिडकीतच, पण पाठ बंदराकडे करून. उजेड पानावर पडायला हवा ना." त्यानं काखेतलं पुस्तक जरा सारखं केलं. "योराला सांगायला हवं होतं कुणीतरी. शेवटपर्यंत ऐकलं मी."

आल्दिस काउंटरच्या बाहेर आली, त्याच्या हातातला रिकामा कप घेऊन पुन्हा भरला, आणि दोघं फळीपाशी जाऊन उभी राहिली. निवडायला त्यांना जेवणाची वेळ होईपर्यंत लागलं.